दोन डिस्कांपैकी मेलेली कुठली

माती-पाणी परीक्षण केंद्रात इंद्रायणी गवारी हिचा हुद्दा होता 'नमुना नोंदणी सहायक'. नाव भारदस्त, काम साधं. शेतकऱ्याने आणलेल्या मातीच्या पिशवीला नंबराची चिठ्ठी बांधायची, तोच नंबर कॉम्प्युटरवर चढवायचा, आणि तपासणी झाली की सामू, क्षार, पालाश असे सगळे आकडे त्या नंबरापुढे भरायचे. तिने अवसरी खुर्दला होस्टेलवर राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि पुढे दोन वर्षं मंचरला एका दुरुस्तीच्या दुकानात काम केलं होतं. हे सगळं तिच्या अर्जात लिहिलेलं होतं. पण अर्ज वाचायचा असतो ही गोष्ट केंद्रात अजून कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. मुलाखतीत तिला एकच प्रश्न विचारला गेला होता, "अक्षर कसंय?" अक्षर चांगलं निघालं, नोकरी मिळाली.

केंद्र होतं येडगाव धरणाच्या अलीकडे. द्राक्ष-टोमॅटोवाल्या बागायतदारांनी एकत्र येऊन काढलेलं. अध्यक्ष रखमाजी अण्णा. अण्णा मातीतले तज्ज्ञ. चिमूटभर माती बोटांत चोळून ते शेताचं भविष्य सांगत, आणि ते बहुतेक वेळा खरं ठरे. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र त्यांची भूमिका देवळात गेल्यासारखी होती. काचेच्या खोलीबाहेर ते चपला काढत, हात जोडत नसत इतकंच.

त्या काचेच्या खोलीत सर्व्हर होता, म्हणजे सगळ्या नमुन्यांची माहिती जिथे साठते तो मुख्य कॉम्प्युटर. दारावर पाटी होती, 'प्रवेश फक्त तांत्रिक सल्लागारांना'. तांत्रिक सल्लागार म्हणजे समर्थ, अण्णांच्या बहिणीचा मुलगा. तो पुण्यात कुठल्याशा कंपनीत होता. नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नसे, त्यामुळे ते फार मोठं काहीतरी असणार यावर घरात एकमत होतं. वर्षातून एकदा दसऱ्याला तो येई, सर्व्हरला झेंडूचा हार घाली, फोटो काढी आणि चार वाजायच्या आत नारायणगावचा बायपास गाठी. उरलेले दिवस उंटावरून शेळ्या हाकायला फोन होताच.

सर्व्हर बसवला त्या दिवशी समर्थने भाषण केलं होतं. "यात दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. त्यासाठी वेगळं महागडं कार्डसुद्धा लागत नाही, कॉम्प्युटरमधला प्रोग्रामच ते करतो. याला रेड म्हणतात. एक डिस्क मेली तरी दुसरी जिवंत! डेटा जाणारच नाही!"

टाळ्या पडल्या. माती वाळवून, कुटून, चाळून देणाऱ्या ठमाबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी जुळं हाय म्हना की."

"अगदी बरोबर, मावशी!" समर्थ म्हणाला.

जुळ्यातलं एक गेलं तर घरच्यांना सांगणार कोण, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. त्याचीही सोय होती म्हणा. डिस्क बिघडली की सर्व्हर स्वतःच मेल पाठवायचा, आणि तो मेल तांत्रिक सल्लागारांना जायचा. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला पहिली डिस्क बिघडली आणि पहिला मेल गेला. मग रोज एक. विनंती, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. समर्थच्या मेलबॉक्सने ते सगळे नको असलेल्या जाहिरातींच्या ढिगात टाकले, टक्कल घालवायच्या तेलाशेजारी. आणि सर्व्हर बिचारा इमानी. दुसऱ्या एकट्या डिस्कवर त्याने साडेसात महिने संसार ओढला, बाहेर कुणाला जाणवूही दिलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायची जबाबदारी सर्वांची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. लाईट परत आली तेव्हा सर्व्हरच्या पडद्यावर काळ्यावर पांढरी एकच ओळ. इंद्रायणीने काचेला नाक लावून ती वाचली. सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असं यंत्राचं म्हणणं होतं.

तिने नियमाप्रमाणे समर्थला फोन लावला.

"रिस्टार्ट केलं का?"

"हो सर. बाहेरच्या बटणाने."

"परत कर."

ते सहा वेळा झालं. सातव्यांदा समर्थ म्हणाला, "मला वेळ काढून यावं लागेल. गुरुवारी. तोपर्यंत कुणी हात लावू नका."

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती. मातीत आणि पाण्यात क्षार किती, क्षार मोडायला जिप्सम टाकायचं की नाही, हे कळल्याशिवाय छाटणी करायची म्हणजे डोळे मिटून विहिरीत उतरायचं. तीन दिवस बागायतदार येत राहिले आणि 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द ऐकून परत जात राहिले. एकटी रत्ना गेली नाही. ती येडगावचीच. नवरा चाकणला कंपनीत, दोन एकर बाग ही एकटीच बघायची. बोअरचं पाणी उन्हाळ्यापासून मचूळ लागत होतं. सतरा ऑगस्टला तिने माती आणि पाणी दोन्ही दिलं होतं. ती रोज दहा वाजता येऊन बाकावर बसे.

"ताई, फोन करते ना मी तुम्हाला," इंद्रायणी म्हणाली.

"फोनवर तुमी डाऊनच म्हनता. हितं बसल्यावर निदान दिसतंय तरी काय चाललंय."

गुरुवारी दुपारी समर्थ आला. गॉगल, पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात दुसऱ्याच कुठल्यातरी ऑफिसचं ओळखपत्र. अण्णा, ठमाबाई, रत्ना आणि इंद्रायणी काचेबाहेर उभे राहिले. समर्थने झाकण उघडलं, दोन्ही डिस्क काढल्या, फुंकर मारली. मग दुसरी डिस्क एकटी लावून बटण दाबलं. तीच पांढरी ओळ.

"ही डेड," त्याने जाहीर केलं आणि ती टेबलावर बाजूला ठेवली.

मग पहिली एकटी लावली. ती आधी कटकट वाजली, थांबली, दुसऱ्या खेपेला पुन्हा वाजली, आणि एकाएकी पडदा उजळला. केंद्राचं बोधचिन्ह आलं, हिरव्या पानासकट.

अण्णांनी चपला न घालताच बाहेर जाऊन कुणाला तरी पेढे आणायला पिटाळलं. "मामा, सांगितलं होतं ना?" समर्थ म्हणाला. "एक मेली तरी दुसरी जिवंत. हीच तर टेक्नॉलॉजी."

इंद्रायणी आपल्या टेबलाशी गेली आणि तिने पहिलं काम रत्नाचं घेतलं. नंबर टाकला, पाच हजार नऊशे सत्त्याऐंशी. असा नमुना नाही, कॉम्प्युटर म्हणाला. नावाने शोधलं. नाही. मग तिने शेवटचा नंबर काढला. पाच हजार एकशे आठ. तारीख, अकरा फेब्रुवारी.

ती काचेच्या दाराशी गेली. "सर, शेवटची नोंद फेब्रुवारीची दिसतेय. फडताळावरच्या पिशव्या सहा हजार दोनशे चौदापर्यंत आहेत. अकराशे नमुने नाहीत यात."

"मग चढवायचे राहिले असतील," समर्थ वळूनही न बघता म्हणाला. "नोंदणी कोण करतं?"

"मी."

"हं." एवढंच. पण त्या 'हं'मध्ये चौकशी, सुनावणी आणि निकाल, सगळं उरकलं होतं. अण्णांनी इंद्रायणीकडे पाहिलं. तोंडातला पेढा त्यांना एकदम कमी गोड लागला असावा.

"आता ही मेलेली परत लावून टाकतो," समर्थने टेबलावरची दुसरी डिस्क उचलली. "कोरी समजून. पहिलीवरचं सगळं हिच्यावर उतरेल, की जुळं पुन्हा पूर्ण. आणि मी मोकळा."

इंद्रायणी दारातून हलली नाही. त्याला कारण होतं, आणि ते अर्जात लिहिलेलं नव्हतं. मंचरच्या दुकानात असताना एका फोटोवाल्याचा असाच दोन डिस्कांचा कॉम्प्युटर आला होता. जी सुरू झाली ती चांगली, असं धरून तिने तिच्यावरचं दुसरीवर उतरवलं होतं. सुरू झालेली डिस्क चार महिने मागे अडकलेली निघाली. ताजी होती ती दुसरी, आणि ती इंद्रायणीने स्वतःच्या हाताने पुसली होती. सहा लग्नं गेली. फोटोवाला ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दुकानाच्या पायरीवर बसून नुसता एकेका नवरीचं नाव घेत राहिला. त्यानंतर ती पंधरा दिवस शिनोलीच्या वर आपल्या गावी जाऊन भात लावत होती आणि बापाला काहीही सांगत नव्हती. पुढे तिने रेडबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. कुणी शिकवत नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं.

ती काचेच्या दारातून आत गेली. पाटी असताना. समर्थच्या हातातली डिस्क तिने काढून घेतली आणि छातीशी धरली.

"ही नाही लावायची, सर."

"एक्सक्यूज मी?"

"सुरू झालेली जुनी आहे. फेब्रुवारीत अडकलेली. ताजं सगळं हिच्यावर आहे. हिच्यावर ती उतरवली तर अकराशे नमुने कायमचे जातील."

समर्थ हसला. "मॅडम, जी बूट होत नाही ती खराब. हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

"तिसऱ्या वर्षाला वेगळं शिकवतात, सर."

"मामा, तुमच्याकडे पिशव्या बांधणारे लोक सर्व्हरमध्ये हात घालतात का?"

अण्णांची पंचाईत झाली. भाचा रक्ताचा, पाटी त्यांनीच लावलेली. "इंद्रायणे," ते म्हणाले, "ज्याचं काम त्यानं करावं. दे ती."

"अण्णा, सर म्हणतात ही मेलेली आहे. मेलेली घेऊन मी तासभर बसले तर कुणाचं काय जाणार आहे?"

तेवढ्यात बाकावरून रत्ना उठली. तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि अण्णांच्या हातात दिला. "ही पोच. सतरा ऑगस्ट, नंबर हितंच छापलाय. कंपूटरमंदी चढवलाच नसंल तर त्यानं छापला कसा?"

"आन तिची माती मी सोता कुटली," ठमाबाई म्हणाल्या. "लई चिवाट खडा व्हता. अजून मनगाट दुखतंय. म्हंजी मी काय सपनात कुटली व्हय?"

अण्णांनी पोच उलटसुलट पाहिली. शेतीत त्यांनी आयुष्यभर एक नियम पाळला होता, ज्याचे हात मातीत त्याचं आधी ऐकायचं. कॉम्प्युटरला तो नियम लागू होतो असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं. "एक तास," ते म्हणाले. "समर्थ, तू तवर चा घे."

इंद्रायणीने ती डिस्क आपल्या टेबलाच्या कॉम्प्युटरला केबलने जोडली. पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात एक अख्खी छोटी सिस्टीम होती, कॉम्प्युटर आपल्या डिस्कवरून न उठता या पेनड्राइव्हवरून उठायचा. मग तिने सर्व्हर बंद करायला लावला आणि पहिली डिस्कही मागून घेतली. अशा जोडीतली प्रत्येक डिस्क स्वतःपुरती एक नोंद ठेवते. आपण कुणाच्या जोडीतल्या, आपल्यावर शेवटचं कधी लिहिलं गेलं, आत्तापर्यंत किती फेरबदल झाले. इंद्रायणीने दोन्हींच्या नोंदी नुसत्या वाचल्या, कशालाही हात न लावता, आणि पडद्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"अण्णा, या. वाचा."

अण्णांनी चष्मा लावला. पहिली डिस्क: आज दुपारी उठली तेवढं सोडलं तर अकरा फेब्रुवारी. दुसरी: सोमवार, सकाळी दहा चाळीस.

"सोमवारी दहा चाळीसला काय व्हतं?"

"लाईट गेली," रत्ना बाकावरून म्हणाली. "मी आलेच व्हते."

"ही मेलेली नाही, अण्णा," इंद्रायणी म्हणाली. "हिच्यावर सगळं आहे. फक्त उठायचं कसं ते हिला माहीत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना आधी एक छोटा तुकडा वाचतो, पुढे काय करायचं ते सांगणारा. तो दोन्ही डिस्कवर टाकावा लागतो. इथे फक्त पहिलीवर टाकलाय."

"आन तो टाकायचा कुनी आसतोय?"

समर्थला त्याच क्षणी अतिशय महत्त्वाचा फोन आला. तो वाजल्याचं कुणी ऐकलं नाही, पण तो बोलत बोलत आवारात निघून गेला.

तासाचे तीन तास झाले. इंद्रायणीने आधी दुसऱ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल स्वतःच्या जुन्या ड्राइव्हवर घेतली. मंचरची ती पायरी आठवत असल्याने त्यापुढची एकही गोष्ट ती नकलेशिवाय करणार नव्हती. अण्णांनी घड्याळ पाहिलं नाही. नक्कल पूर्ण झाल्यावर तिने दुसरी डिस्क एकटी सर्व्हरमध्ये लावली, पेनड्राइव्हवरून तो उठवला, सुरू व्हायचा तुकडा डिस्कवर लिहिला, पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबलं.

पांढरी ओळ आली नाही. अक्षरं भराभरा सरकली. आणि निम्म्यावर येऊन थांबली. काळा पडदा, लुकलुकणारी एक रेघ.

समर्थ नेमका तेव्हाच परत आला. आनंद लपवायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. "मी म्हणालो होतो. उगीच सगळ्यांचा वेळ."

इंद्रायणी खुर्चीत बसली. नक्कल आहे, तिने स्वतःला सांगितलं, काही गेलेलं नाही. मग रेघेच्या वरच्या ओळी तिने एकेक करून वाचल्या, मोठ्याने, पोथी वाचावी तशा. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते वाट बघत होतं. जोडी म्हटल्यावर दुसरी येईलच या भरवशावर दारात उभं होतं. एकटीवरच निघायची परवानगी पहिलीवरच्या जुन्या फाईलीत होती, हिच्यावरच्या नव्या फाईलीत ती आहे का हे बघायचं राहिलं होतं. चूक तिचीच होती, आणि ती तसं म्हणालीही, "माझं चुकलं." त्या खोलीत हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असेल.

तिने पुन्हा पेनड्राइव्ह लावला, एका डिस्कवर उठायची परवानगी लिहिली, सुरुवातीची फाईल नव्याने बनवली, बटण दाबलं. या खेपेला हिरवं पान आलं. तिने शेवटचा नंबर काढला. सहा हजार दोनशे चौदा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या सवयीने भाषणाला वाजतात. प्रिंटरमधून रत्नाचा रिपोर्ट बाहेर आला. अण्णांनी तो वाचला, बोट एका आकड्यावर ठेवलं आणि म्हणाले, "पान्यात क्षार हाय. छाटनीआधी जिप्सम टाक, आन कॅनॉलचं पानी मिळतंय तवर बोअरला हात लावू नको." रत्नाने कागदाची घडी घातली. "तीन दिस बसले ते बरं झालं," ती इंद्रायणीला म्हणाली, आणि चपला घालून छाटणीच्या गड्यांना सांगायला गेली.

सगळे पांगल्यावर अण्णा तिच्या टेबलाशी घोटाळले. "हे समदं तुझ्या अर्जात व्हतं?"

"होतं अण्णा."

"मंग बोलायचं न्हाई व्हय आजवर?"

"पाटी होती अण्णा."

दुसऱ्या दिवशी पाटी निघाली. चार खिळ्यांची भोकं राहिली, त्यावर कुणीतरी कॅलेंडर लावलं.

दसऱ्याला कार्यक्रम झाला. संकटकाळी पुण्याहून धावून आल्याबद्दल आणि मोलाच्या तांत्रिक मार्गदर्शनाबद्दल समर्थचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. बातमीत त्याचा फोटो आला. फोटोत उजवीकडे एका हाताचं कोपर दिसतं, ते इंद्रायणीचं. सत्कार का केला, असं ठमाबाईंनी अण्णांना तोंडावर विचारलं. अण्णा म्हणाले, "बहिनीकडं दिवाळीला जायचंय मला." हे उत्तर ठमाबाईंनाही पटलं.

इंद्रायणीला सत्काराऐवजी आदेश मिळाला. संगणक यंत्रणेचा अतिरिक्त कार्यभार तिच्याकडे देण्यात येत आहे. पिशव्या बांधण्याचं मूळ काम पूर्ववत चालू राहील. नवीन डिस्क आली तेव्हा तिने ती जोडीला लावली, सुरू व्हायचा तुकडा दोन्हींवर टाकला, सूचनेचे मेल स्वतःच्या पत्त्यावर वळवले, आणि मग अण्णांना बोलावून त्यांच्यादेखत आधी एक डिस्क काढून सर्व्हर सुरू करून दाखवला. "आता ही परत लावून दुसरी काढते," ती म्हणाली. अण्णांनी भिंतीचा आधार घेतला. सर्व्हर तरीही उठला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ही परीक्षा होते, आणि त्या दिवशी अण्णांना हटकून बाहेरगावी काम निघतं.

घोडेगावच्या एका दवाखान्याने आणि नारायणगावच्या दोन दुकानदारांनी तिला बोलावून आपले कॉम्प्युटर दाखवले. तिघांकडेही दोन दोन डिस्क होत्या. तिघांकडेही एक केव्हाची मेलेली होती, आणि तिघेही निर्धास्त होते.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी समर्थचा फोन आला. आवाज खाली, मागे माणसांची कुजबुज.

"मॅडम, एक क्लायंट आहे माझा. दोन डिस्क आहेत. एक बूट होते, एक होत नाही. म्हणजे मला माहितीये, पण जस्ट कन्फर्म करतोय. ताजी कुठली ते बघायचं कसं?"

इंद्रायणीच्या हाताला माती होती. तिने फोन खांद्याने कानाशी दाबला.

"आधी बंद करा सर सगळं. आणि लिहून घ्या."

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज आला. पेन सापडेपर्यंत ती थांबली.